अर्ध्यावर बंद केलेली फिल्म

देवासला कुणी मुद्दाम जात नाही. लोक उज्जैनला जातात, मांडवगडला जातात, इंदूरला नुसतं खायला जातात, आणि देवास वाटेत लागतं. मी मात्र मुद्दाम गेले, तेही भर चैत्रात, आणि त्याला कारण झाला एक स्विमसूट. माझा नव्हे. मी एकसष्ट वर्षांची आहे, पुण्यात तीस वर्षं शिवणाचे वर्ग चालवते, आणि पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेलेली नाही.

झालं असं, की एका विमान कंपनीने प्रवाशांना दाखवायची नवी सेफ्टी फिल्म काढली. समुद्रकिनारा, नारळाची झाडं, आणि स्विमसूटमधल्या पाच मुली हसत हसत दाखवताहेत की खुर्चीचा पट्टा असा बांधा, प्राणवायूचा मास्क असा लावा, लाइफ जॅकेट असं घाला. त्यावरून तीन आठवडे टीव्हीवर नुसती हाणामारी चालली होती. संस्कृती बुडाली म्हणणारे एका चौकटीत, तुमची नजर वाईट म्हणणारे दुसऱ्या चौकटीत, आणि कंपनीचा माणूस मधल्या चौकटीत सांगतोय की आजवर सूचनांकडे कुणी बघत नव्हतं, आता सगळे बघतात. मीही रोज बघत होते आणि करमणूक म्हणून सोडून देत होते. मग देवासहून मंदावहिनीचा फोन आला.

मंदावहिनी म्हणजे माझा चुलतभाऊ रवी याची बायको. त्या पाच मुलींतली डावीकडून दुसरी म्हणजे ह्या दोघांची सायली. ती मुंबईत जाहिरातींत कामं करते, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं वहिनीने सांगितलं, आणि ते ऐकून मी पलंगावर बसले.

रवी देवासच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, मशीन बंद केल्याशिवाय हात घालू नका, हे तो जन्मभर सांगतोय आणि लोक जन्मभर जांभया देताहेत. अशा माणसाला मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, मी एका सेफ्टी फिल्ममध्ये आहे." पुढचं सांगायला तिचा धीर झाला नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याने कॉलनीत पेढे वाटले. कारखान्यात सुरक्षा सप्ताह चालू होता, तेव्हा कँटीनमध्ये मोठा पडदा लावून, पुढच्या रांगेत जनरल मॅनेजरना बसवून, "माझ्या मुलीचं काम" असं भाषण करून त्याने ती फिल्म लावली. आधी स्वतः बघितली नव्हती. सगळ्यांच्या बरोबरीने पहिल्यांदा बघायची असा त्याचा हट्ट होता. पडद्यावर समुद्र आला, मुली आल्या, पाठीमागून शिट्ट्या आल्या. रवीने धावत जाऊन बटण दाबलं ते प्रोजेक्टरचं नव्हे, मेन स्विचचं. पडदा, पंखे, दिवे, चहाचं मशीन, सगळं एकदम बंद.

त्या दिवसापासून रवी सायलीशी बोलत नव्हता. चैत्रगौरीसाठी ती सुट्टी काढून घरी आली, तरीही नाही. "ताई, तुम्ही या," वहिनी म्हणाली. "नाहीतर ही पोरगी परत घरी यायची नाही. पक्कं सांगते तुम्हाला."

पुणे ते इंदूर

योगायोगाने मला त्याच कंपनीचं विमान मिळालं. योगायोग कसला, तिकीट काढतानाच मी नाव बघून काढलं होतं. समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा छोटा पडदा लागला आणि माझ्या आसपासच्या तीन रांगा चिडीचूप झाल्या. एका आईने मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि स्वतः बघत राहिली. माझ्या शेजारी सफारी घातलेले इंदूरचे एक गृहस्थ होते. फिल्म संपल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "भेनजी, पेली बार पूरा देखा मैंने. वरना हमेशा सो जाता हूँ."

"मग लाइफ जॅकेट कधी फुगवायचं?" मी हिंदीत विचारलं.

त्यांनी विचार केला. टक्कल खाजवलं. "वो तो ध्यान नी रिया."

त्यांना हसायचा अधिकार मला नव्हता, कारण मलाही ते सांगता आलं नसतं. मी सगळा वेळ शिलाई बघत होते. कापड जितकं कमी तितकी शिवण पक्की लागते, हे मी वर्गात मुलींना सांगते, आणि त्या पाचांपैकी दोघींच्या खांद्यांवरचे पट्टे चुकीच्या दिशेने कापलेले होते. सायलीचा बरोबर होता. शेवटी ती एकटीच कॅमेऱ्याजवळ येते, खुर्चीचा पट्टा लावते आणि हसून म्हणते, "एक बार खींचकर देख लीजिए." पोरगी छान बोलते, एवढंच माझ्या मनात आलं. बाकी सगळ्या नुसत्या हसत होत्या, हिला एक वाक्य तरी मिळालं होतं.

इंदूरच्या विमानतळावर रवी गाडी घेऊन आला होता. मी बसले, पट्टा लावला, तरी त्याने वाकून तो स्वतः तपासला आणि मग गाडी सुरू केली. "विमान कसं होतं?" असं त्याने विचारलं नाही. नुसता उन्हाळ्यावर बोलत राहिला.

देवास

देवासची एक गंमत पुण्यात कुणाला माहीत नसते. ह्या एवढ्याशा गावात एकाच वेळी दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या ह्या बाजूला एकाचं राज्य, त्या बाजूला दुसऱ्याचं. रवीच्या घरात शिरल्यावर मला वाटलं, संस्थानं गेली पण पद्धत राहिली. थोरली पाती बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होती, धाकटी पाती आतल्या खोलीत मोबाईल बघत होती, आणि मंदावहिनी मधल्या दारात उभी राहून दोन्हीकडचा कारभार बघत होती.

"मंदा, तिला सांग, गीझर बंद कर म्हणावं. पंधरा मिनिटं झाली."

"बाबांना सांग, केव्हाच केलाय."

दोघांच्या मध्ये सहा फूट अंतर. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पोह्यांच्या बशीत शेव जास्तच टाकली.

पोह्यांबद्दल सांगायलाच हवं. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडली की झालं. इथे पोहे वाफेवर ठेवतात, वर बारीक शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जीरावन नावाचा एक आंबट-तिखट मसाला, आणि शेजारी गरम जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी म्हणजे मला आधी पोरखेळ वाटला. तिसऱ्या घासाला मी मत बदललं आणि चौथ्याला आणखी जिलबी मागितली. मी पुण्याची असल्यामुळे हे कबूल करायला दोन दिवस लावले.

रवी तसा प्रेमळ माणूस. कॉलनीत सांगली-नाशिककडून कारखान्यांत आलेली घरं आहेत, त्या सगळ्यांचे गॅसचे रेग्युलेटर हाच तपासतो. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना वर येऊन दोरीची गाठ बघून गेला. अशा माणसाला त्या दिवशी कँटीनमध्ये काय वाटलं असेल, हे मला दिसत होतं. संध्याकाळी शेजारचे शर्माजी फाटकात उभे राहून म्हणाले, "काय रवीभिया, टीव्हीवर आज परत बहस आहे, नऊ वाजता." ते सहज म्हणाले असतील. रवीने त्यांच्याकडे न बघता फाटकाची कडी लावली, आणि ती बसली का ते दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली मला टेकरीवर घेऊन गेली. चैत्र नवरात्र असल्यामुळे पायऱ्यांवर गर्दी होती, नारळांची, चुनऱ्यांची दुकानं लागलेली. वर दोन देवी आहेत, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. दोघी बहिणी. इथले लोक सांगतात की दोघींचं एकदा भांडण झालं, आणि रागाच्या भरात एक डोंगरात शिरायला लागली आणि दुसरी उतरून जायला लागली. कुणीतरी समजूत घातली म्हणून दोघी आहेत तिथे थांबल्या. सायलीने ही गोष्ट सांगितली आणि पायरीवर बसून चपलेचा बंद नीट करत राहिली.

"आत्या, मला त्या कपड्यांची लाज नाही वाटत," ती म्हणाली. "मी विचारलं होतं डायरेक्टरला, की पुरुष सगळे फुल पँटमध्ये आणि आम्हीच अशा का? तो म्हणाला, बजेट. म्हणजे काय ते मला आजपर्यंत नाही कळलं. पण काम होतं, मी केलं. बाबांना मी आधी सांगायला पाहिजे होतं, तेवढं माझं चुकलं. पण तू त्यांचा आवाज ऐकायला हवा होतास फोनवर. इतके खूश होते ना! मला तर बोलताच नाही आलं."

"आता बोल की."

"तीन वेळा गेले. ते उठून मीटर बघायला जातात." ती हसली, पण डोळे पुसले. "सोमवारी मी मुंबईला जाते. तोपर्यंत बोलले तर बोलले. नाहीतर पुढच्या गौरीला मी नाही येणार. माझ्या घरात मला असं बसायला नाही जमत."

मला वाटलं होतं, दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगेन. त्याऐवजी उतरताना आम्ही उसाचा रस प्यायलो.

धार

धारला आमची जिजी राहते. जिजी म्हणजे माझी आणि रवीची सख्खी आत्या, वय चौऱ्याऐंशी. कलेक्टर कचेरीत तिने टायपिस्ट म्हणून नोकरी केली, आणि अजूनही कागद दिसला की आधी खालची तारीख वाचते. खाली सायकलींचं दुकान आणि वर दोन खोल्या, असं तिचं घर. चैत्रगौरीचं हळदीकुंकू ती दरवर्षी करते आणि आम्ही सगळ्यांनी हजर राहायचं, हा हुकूम आहे.

जायच्या आधी रवीने मंदावहिनीमार्फत सूचना काढली: जिजीसमोर फिल्मचा विषय नको, मोबाईल पिशवीत, आणि टीव्हीची वायर तो स्वतः काढून ठेवणार. तिला कळलं तर ती हळदीकुंकवालाच काय, सायलीला पायऱ्याही चढू देणार नाही, अशी त्याला भीती. वायर त्याने खरोखरच काढली. जिजी बघत होती.

गौर पितळेच्या झोपाळ्यात बसली होती. भोवती आरास: कलिंगडाचं कमळ, करंज्यांची रांग, मातीचे मोर, आणि ह्या वर्षी जिजीच्या सुनेने मांडलेली कागदी होडी. धारच्या जुन्या घरांतल्या बायका आल्या, त्यांचं मराठी असं, की मला माझ्या आजीची पत्रं आठवली. "यावें, बसावें" असं म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात "पंखा थोडा तेज करून दे ना बेटा" म्हणतात. ओटीत भिजवलेले हरभरे, हातात पन्ह्याचा पेला, आणि बशीत आंब्याची डाळ. डाळीवर शेव. मी जिजीच्या सुनेला म्हटलं, "अगं, कैरीच्या डाळीवर शेव?" ती म्हणाली, "मग कशावर घालायची?" मी शेवेसकट डाळ खाल्ली.

विषय निघायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मोबाईल पिशवीत असले तरी तोंडं बाहेर होती. एका काकींनी सायलीला कुंकू लावता लावता निरखून पाहिलं. "तू ती विमानातली ना गं?"

बाहेरच्या खोलीत रवी पन्हं पीत होता, त्याचा पेला खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

"हो," सायली म्हणाली.

मग जी चर्चा झाली ती टीव्हीपेक्षा बरी होती, कारण इथे एक बोलत असताना बाकीच्या डाळ खात होत्या. एक म्हणाली, मुलींना असं उभं करणं चूक, कंपनीवाल्याच्या घरच्या बायका का नाही उभ्या केल्या? दुसरी म्हणाली, मग हिने काय करायचं, घरी बसायचं? तिसरी म्हणाली, "हमारे यहाँ तो घाटावर रोज आंघोळी होतात, कोण बघतं?" त्यावर पहिली म्हणाली, "बघतात गं सगळे, ते बघताहेत हे आपण बघत नाही, एवढंच." शेवटी सगळ्या जिजीकडे वळल्या.

जिजीने डाळीची बशी खाली ठेवली, पदराला हात पुसले. "मी ती अकरा वेळा पाहिली," ती म्हणाली. "भजनी मंडळाच्या ग्रुपात आली होती. रव्या, वायर लाव परत, मला आठला बातम्या बघायच्या असतात."

मग सायलीकडे वळून: "अंगभर असतं तर मला जास्त आवडलं असतं, हे खरं सांगते. पण ते राहू दे. तुला पोहता येतं का?"

"नाही, जिजी."

"नाही?" जिजीचा आवाज चढला. सगळ्या हळदीकुंकवात चढला नव्हता इतका. "पोहायचे कपडे घालून समुद्राशी उभी राहिलीस, लोकांना जॅकेट घालायला सांगितलंस, आणि तुला पोहता येत नाही? शरम वाटायला हवी तर ह्याची."

मग तिने जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं माहेर, म्हणजे आमचं मूळ घर, नर्मदाकाठी धरमपुरीला. तिथे ती सात वर्षांची असताना पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकली. परकर पाण्यात पायांत अडकतो, म्हणून माझ्या वडिलांची चड्डी आणि बंडी घालून. अकराव्या वर्षी ती नदी अर्धी पार करून परत यायची. बाराव्या वर्षी गावातले चार वडीलधारे आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि दोन तास चर्चा झाली, मुलीने चड्डी घालून नदीत उतरावं का. "माझ्याशी कुणी नाही बोललं," जिजी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी भोपळा भाजीवालीला देऊन टाकला. त्यानंतर मी नदीत नाही उतरले. बाहेरून नमस्कार."

बाहेरच्या खोलीत रवी वायर हातात घेऊन उभा होता.

"उद्या मला धरमपुरीला न्या," जिजी म्हणाली. "सगळे चला."

धामनोद, आणि पुढे धरमपुरी

घाट उतरून गाडी खाली निमाडात आली की हवा बदलते. माळव्यात ऊन असतं, इथे तवा असतो. कापसाची मोकळी रानं, केळी, पपया, रस्त्याकडेला वाळत घातलेल्या लाल मिरच्या. गाडीत रवी चालवत होता, शेजारी जिजी, मागे मी, सायली आणि मंदावहिनी दाटीवाटीने. वाटेत मला मांडवची चिंच घ्यायची होती. ती खरं म्हणजे चिंच नव्हे, नारळाएवढं फळ असतं आणि आत पांढरा आंबट गर. मी हौसेने फोडायला गेले आणि तो गर सगळा मंदावहिनीच्या साडीवर सांडला. साडी पिवळी होती म्हणून वाचलो.

धामनोदला ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर थांबलो. पळसाच्या पानांत भाजलेले मक्याचे पानिये आणि वर तूप घातलेली उडदाची डाळ. पुण्यात कुणी मला मक्याची रोटी पानात भाजून दिली असती तर मी तिला प्रदर्शन म्हटलं असतं. इथे ती रोजची आहे. मी तिसरा पानिया मोडत होते आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तीच चर्चा सुरू झाली. पाच मुली, अंगांवर धुरकट पट्टी मारलेली. धुरकट केल्यामुळे त्या जास्तच लाजिरवाण्या दिसत होत्या, असं मला वाटलं. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर म्हणाला, "ट्रक के लिए भी ऐसी फिल्म बननी चाहिए, भिया," आणि सगळे हसले. रवीने घास तसाच ताटात ठेवला आणि हात धुवायला गेला. तो बराच वेळ हात धूत होता. सायलीने ताटातल्या पानाचे बारीक बारीक तुकडे केले.

मला त्या दोघांची फार दया आली. एकालाही दुसऱ्याला दुखवायचं नव्हतं, आणि दोघेही जेवत नव्हते.

धरमपुरीला नर्मदा एवढी रुंद झाली आहे, की पलीकडची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. नदीत एक बेट आहे, त्यावर महादेवाचं मंदिर, आणि तिथे होडीने जावं लागतं. जिजी घाटाच्या पायऱ्या माझा हात धरून उतरली. शेवटच्या पायरीवर तिने चपला काढल्या आणि पाय पाण्यात घातले.

होडीवाला चांगला पन्नाशीचा माणूस होता. त्याने नारिंगी लाइफ जॅकेटांचा ढीग दाखवला आणि म्हणाला, "पेन लो तो पेन लो, वैसे कुछ होता नी है." हे वाक्य सेफ्टी ऑफिसरसमोर बोलायचं नसतं. एरवी रवीने त्याला अर्धा तास ऐकवलं असतं. पण त्या दिवशी त्याने गुपचूप एक जॅकेट उचललं, उपरण्यासारखं गळ्यात अडकवलं आणि पट्टे लोंबते ठेवून होडीच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसला.

"थांब," जिजी होडीवाल्याला म्हणाली. "कोणी हलायचं नाही."

मग चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याने आम्हाला सूचना दिल्या. डोक्यातून घाला. पट्टा कमरेमागून पुढे आणा. अडकवा. घट्ट करा. फिल्ममधलं जॅकेट फुगवायचं असतं, हे तसं नाही, पण ते असतं तर आत बसून फुगवायचं नाही, बाहेर पडताना फुगवायचं. सगळं ओळीने, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सगळा देश तीन आठवडे ती फिल्म बघत होता, आणि माझ्या माहितीत सूचना ऐकलेली ही एकच बाई. मला मंदावहिनीने पट्टा लावून दिला, कारण शिवणबाई असूनही मला ते बक्कल कळेना.

सायली जिजीचा पट्टा लावत होती. लावून झाल्यावर ती सवयीने म्हणाली, "एकदा ओढून बघ, जिजी."

जिजीने पट्टा ओढून बघितला नाही. ती रवीच्या पाठीकडे बघत होती. "रव्या, हे वाक्य कोणाचं रे?"

रवी वळला नाही. "कुठलं?"

"एकदा ओढून बघ."

"माझं," तो म्हणाला. "मीच म्हणतो सगळ्यांना."

"ही शाळेला निघाली की हेल्मेटचा पट्टा लावून रोज सकाळी फाटकात म्हणायचास. देवासला यायचे तेव्हा रोज ऐकायचे मी. फिलिममध्ये शेवटी ही तेच म्हणते. एकटी येते पुढे आणि तेच म्हणते."

"ते लिहिलेलं नव्हतं," सायली हळूच म्हणाली. ती जिजीशी बोलत होती, पण जिजीकडे बघत नव्हती. "त्यांचं वाक्य होतं, धन्यवाद, आपकी यात्रा मंगलमय हो. मी म्हटलं, पट्टा लावला की हे म्हणतात. आमच्या घरी म्हणतात. मग त्यांनी घेतलं."

मला तेव्हा कुठे विमानातला तो छोटा पडदा आठवला. वाक्य मी ऐकलं होतं, आणि रवीला आयुष्यभर ऐकत आले होते. पण मी शिलाई बघत होते.

रवी आता वळून बसला होता. "मी नाही ऐकलं," तो म्हणाला.

"कसं ऐकशील? अर्ध्यावर बंद केलीस म्हणे," जिजी म्हणाली. "सेफ्टीचा माणूस तू. सूचना अर्ध्यावर सोडतोस?"

होडीवाल्याने दोर हातात घेऊन आमच्याकडे बघितलं. निघायचं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. पाणी होडीच्या फळीवर हळू हळू आपटत होतं. रवी खाली बघत होता, स्वतःच्या लोंबत्या पट्ट्यांकडे. मग त्याने दोन्ही हात थोडे वर केले, शिंप्याकडे माप द्यायला उभं राहिल्यासारखे, आणि तसाच बसून राहिला.

सायली होडीत तोल सावरत त्याच्यापर्यंत गेली. गुडघ्यांवर बसली. कमरेमागून पट्टा पुढे आणला, बक्कल अडकवलं, ओढलं.

"ढिला आहे," रवी म्हणाला. तीन आठवड्यांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता, आणि आवाज सेफ्टी ऑफिसरचा होता, फक्त मध्ये फुटला. "अजून ओढ. ढिला राहिला तर पाण्यात वर सरकतो."

तिने ओढला.

"आता बरोबर," तो म्हणाला. आणि मग, तिच्या खांद्यावर हात ठेवून उठत असल्यासारखं करून, हात तसाच ठेवून, "आधी सांगायचं गं मला. मी त्या सगळ्यांना गप्प बसवून शेवटपर्यंत दाखवली असती."

होडीवाल्याने होडी सोडली. बेटावर जाऊन आम्ही महादेवाचं दर्शन घेतलं. येताना जिजी हात पाण्यात सोडून बसली होती. सायलीला तिने शपथ घातली आहे, पुढच्या गौरीपर्यंत पोहायला शिकायचं. भोपळा ती स्वतः वाळवून ठेवणार आहे.

सोमवारी सायली मुंबईला गेली आणि मी पुण्याला. विमानात पुन्हा ती फिल्म लागली, पुन्हा तीन रांगा चिडीचूप झाल्या. पलीकडच्या खुर्चीवरचा एक माणूस बायकोला म्हणाला, "बघ, काय दिवस आलेत." शेवटी आमची सायली पुढे आली आणि तिचं वाक्य म्हणाली. पट्टा मी आधीच लावला होता. तरीही एकदा ओढून बघितला.